गुडघ्याचं ऑपरेशन आणि हृदयाची रक्तचाचणी

गेल्या अंकात सांधेबदलाच्या तयारीविषयी लिहिताना मी ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारा घटक) या दोन रक्तचाचण्यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला दिलं आहे. मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनआधी रुग्णाला तपासायचं, ऑपरेशन चालू असताना त्याच्या उशाशी थांबायचं आणि नंतरचे दोन-तीन दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायचं, हे माझं रोजचं काम. उत्तरंही त्याच अनुभवातून दिली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांचं वय ७१. दोन्ही गुडघे झिजले आहेत, आधी उजवा बदलायचं ठरलं आहे. रक्तदाब आहे, पण गोळीने आटोक्यात आहे. ईसीजी नॉर्मल, टूडी इकोमध्ये हृदयाचं पंपिंग ६० टक्के. हृदयरोगतज्ज्ञांनी ‘फिट’ म्हणून लिहून दिलं. तरी भूलतज्ज्ञांनी एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन करून आणायला सांगितलं. सगळं नॉर्मल असताना हा खटाटोप कशासाठी?

उत्तर : तुमचे वडील माझ्यासमोर असते तर मी आधी एवढंच विचारलं असतं : दोन जिने न थांबता शेवटचे कधी चढलात? अशा रुग्णांकडून बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘अहो, गुडघे चढू देतात कुठे!’

खरी अडचण इथेच आहे. हृदयाला किती झेपतं हे कळायला माणसाला धाप लागेपर्यंत चालावं लागतं, चढावं लागतं. झिजलेल्या गुडघ्याचा माणूस त्याच्या कितीतरी आधी दुखण्याने थांबतो. वर्ष-दोन वर्षांत त्याचा वावर पलंग, खुर्ची, न्हाणीघर एवढ्यावर येतो. त्याला धाप लागत नाही, छातीत दुखत नाही, कारण हृदयावर तशी वेळच येत नाही. मग तो अगदी मनापासून सांगतो, ‘मला हृदयाचा काही त्रास नाही.’ तो खोटं बोलत नसतो. त्याच्या हृदयाची परीक्षाच बरेच दिवस झालेली नसते.

ईसीजी आणि इको या चांगल्या चाचण्या आहेत, पण तुमच्या वडिलांच्या त्या दोन्ही आडवं झोपवून, विश्रांतीत झाल्या आहेत. पंपिंग ६० टक्के म्हणजे हृदय आकुंचन पावतं ते नीट पावतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा किती आहे, रक्तदाबामुळे स्नायू ताठर झालेत का, रक्तस्राव झाला आणि नाडी वाढली तर ते हृदय कसं वागेल, हे त्या एका आकड्यात नसतं.

आणि आम्हा डॉक्टरांचा नुसता बघून बांधलेला अंदाजही फारसा भरवशाचा नाही. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १४०१ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांनी प्रत्येक रुग्णाची ताकद आपल्या अंदाजाने ठरवली आणि मग त्याच रुग्णांना सायकल मारायला लावून ती प्रत्यक्ष मोजली. ज्यांची ताकद खरोखर कमी निघाली, अशा पाचांपैकी चौघांना डॉक्टरांनी अंदाजात ठीक धरलं होतं. रोजच्या कामांविषयीची ठरावीक प्रश्नावली आणि एनटी-प्रोबीएनपीचा आकडा, या दोन गोष्टी त्या अंदाजापेक्षा जास्त उपयोगी ठरल्या. तो अभ्यास वाचल्यापासून मी ‘दिसतात तर ठणठणीत’ हे वाक्य कुणाच्या कागदावर लिहिलेलं नाही.

आता ही चाचणी काय सांगते ते बघू. हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या भिंतीवर ताण आला की तिथल्या पेशी बीएनपी नावाचं संप्रेरक सोडतात. ते तयार होताना एक तुकडा सुटा होतो, तो एनटी-प्रोबीएनपी. तो रक्तात जास्त वेळ टिकतो म्हणून मोजायला सोयीचा. माणूस दिवसभर खुर्चीत बसून असला तरी भिंतीवरचा हा ताण लपत नाही. गुडघेदुखीच्या रुग्णात मला ही चाचणी मोलाची वाटते ती याचसाठी.

२०२० साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये ४५ वर्षांवरच्या १०,४०२ रुग्णांची माहिती आली. त्यांच्यावर हृदयाव्यतिरिक्त इतर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. ऑपरेशनआधीचा आकडा १०० पिकोग्रॅमच्या खाली असलेल्यांमध्ये ३० दिवसांत हृदयाला इजा किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने मृत्यू, या दोन्हींचं मिळून प्रमाण ५.२ टक्के होतं. १०० ते २०० मध्ये १२.३ टक्के, २०० ते १५०० मध्ये २०.८ टक्के आणि १५०० च्या वर ३७.५ टक्के. यात सांधेबदलाबरोबर इतर मोठ्या शस्त्रक्रियाही आहेत, आणि यातला बराच मोठा वाटा रक्ताच्या तपासणीतच कळणाऱ्या इजेचा आहे, मृत्यूचा नाही. हे आकडे वडिलांना वाचून दाखवणार असाल तर हेही वाचून दाखवा.

वडिलांचा आकडा कमी आला तर आम्ही निश्चिंत मनाने पुढे जातो. ३०० च्या वर आला म्हणून ऑपरेशन रद्द होत नाही. पण मग ऑपरेशननंतर रोज ट्रोपोनिन तपासायचं, नाडी आणि रक्तदाबावर जास्त बारीक लक्ष ठेवायचं, हिमोग्लोबिन फार उतरू द्यायचं नाही, गरज पडली तर इको पुन्हा नीट बघायचा, हे आधीच ठरतं. आणि आधीचं ट्रोपोनिन कशाला, तर नंतरचा आकडा कशाशी ताडून बघायचा हे माहीत असावं म्हणून. वयाने, मूत्रपिंडाच्या त्रासाने, जुन्या हृदयविकाराने काहींचं ट्रोपोनिन कायमच थोडं चढलेलं असतं. आधीचा आकडा हातात नसला तर ऑपरेशननंतर ३० दिसल्यावर ते आज झालं की वर्षभर तसंच आहे, हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : माझे यजमान ६८ वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात त्यांचा खुबा बदलला. ट्रोपोनिन ऑपरेशनआधी १८ होतं, दुसऱ्या दिवशी ५२ आणि तिसऱ्या दिवशी ४७. छातीत अजिबात दुखलं नाही, वॉकर धरून ते चालतही होते. तरी डॉक्टर म्हणाले की हृदयाला इजा झाली आहे, आणि घरी सोडायचं लांबवलं. इकोमध्ये नवीन काही सापडलं नाही, ईसीजीही बदलला नाही. हा हार्ट अटॅक होता का? आणि दुखलंच नाही, तर त्याचा एवढा बाऊ कशाला?

उत्तर : ताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण सगळ्या गैरसमजाचं मूळ तिथे आहे.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन दिवसांत हृदय दुखून सांगेल अशी अपेक्षाच ठेवता येत नाही. कमरेखालचा भाग बधिर केलेला असतो किंवा पायाच्या नसेला बधिर करणारं इंजेक्शन, म्हणजे ब्लॉक, दिलेलं असतं. जोडीला मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं असतात. ती खुब्याच्या वेदनेबरोबर छातीतली वेदनाही दाबून टाकतात. रुग्ण गुंगीत असतो. घाम आला, मळमळलं, गळून गेल्यासारखं झालं, तर घरचे म्हणतात ऑपरेशनचा थकवा आहे, आणि कधीकधी आम्हीही तेच म्हणतो.

२०१७ साली ‘जामा’ या नियतकालिकात २१,८४२ रुग्णांचा अभ्यास आला. ४५ वर्षांवरचे, हृदयाव्यतिरिक्त इतर शस्त्रक्रिया झालेले हे रुग्ण. सगळ्यांचं अतिसंवेदनशील ट्रोपोनिन-टी ऑपरेशननंतर पहिले तीन दिवस तपासलं. जवळजवळ १८ टक्के लोकांच्या हृदयाला इजा झालेली आढळली, आणि त्यातल्या ९३ टक्के लोकांना कसलंही लक्षण नव्हतं. म्हणजे रक्त तपासलं नसतं तर शंभरातल्या त्र्याण्णव जणांचं कुणाला कळलंही नसतं.

माझ्या एका रुग्णाचं सांगते, ओळख पटणार नाही असे तपशील बदलून. गुडघा बदललेले आजोबा. ऑपरेशनच्या दुसऱ्या सकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा ते पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते, फिजिओथेरपिस्टशी गप्पा चालल्या होत्या. माझ्या हातात त्यांचा रिपोर्ट होता : आधी ११, आता ७४. मी विचारलं, ‘रात्री छातीत दुखलं का? दडपण आलं?’ म्हणाले, ‘छे!’ मी विचारलं, ‘मग घाम वगैरे?’ तेव्हा थोडं आठवून म्हणाले, ‘हो, मध्यरात्री उशी ओली झाली होती. मला वाटलं उकडतंय.’ नर्सने त्या वेळी लिहिलेला रक्तदाब काढून बघितला, तो नेहमीपेक्षा बराच खाली होता. हिमोग्लोबिन ऑपरेशनआधी १२.५ होतं ते ८.१ वर आलं होतं. आणि सकाळची रक्तदाबाची गोळी ट्रेमध्ये द्यायला तयार ठेवलेली होती. ती गोळी आम्ही थांबवली, ईसीजी काढला, रक्त दिलं, हृदयरोगतज्ज्ञांना बोलावलं. ते बरे होऊन घरी गेले. ट्रोपोनिन तपासलंच नसतं तर त्या सकाळी रक्तदाब आणखी उतरवणारी गोळी त्यांना आमच्याच हातून गेली असती.

इजा का होते, त्याचं उत्तर बहुतेक वेळा याच गोष्टीत सापडतं. रक्त गेलेलं असतं, रक्तदाब उतरलेला असतो, वेदनेमुळे किंवा तापामुळे नाडी जोरात चालू असते. हृदयाला काम जास्त आणि प्राणवायू कमी, असं काही तास चाललं की स्नायूंच्या काही पेशी मरतात आणि त्यांच्यातलं ट्रोपोनिन रक्तात येतं. काही रुग्णांत मात्र नेहमीच्या हार्ट अटॅकसारखी रक्तवाहिनीत गुठळी होते. दोन्ही शक्यता तपासाव्या लागतात.

आता तुमचा पहिला प्रश्न. हार्ट अटॅक म्हणायला ट्रोपोनिन चढणं आणि उतरणं पुरेसं नसतं. त्याबरोबर लक्षणं, ईसीजीतला बदल किंवा इकोमध्ये भिंतीची हालचाल बिघडलेली, असं काहीतरी लागतं. तुमच्या यजमानांमध्ये ते नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी ‘इजा’ म्हटलं, आणि ते बरोबर आहे. २० ते ६५ मधला आकडा आणि आधीच्यापेक्षा निदान ५ ची वाढ, ही इजेची ‘जामा’मधल्या त्या अभ्यासातली व्याख्या होती. १८ वरून ५२ त्यात बसतं. तुमच्याकडे ट्रोपोनिन-टीऐवजी ट्रोपोनिन-आय तपासलं असेल तर सीमारेषा वेगळ्या असतील, पण एवढी उडी दोन्हींत दखल घेण्याजोगीच आहे.

बाऊ का करायचा, याचं उत्तर त्याच अभ्यासातल्या आकड्यांत आहे. ज्यांचं सर्वाधिक ट्रोपोनिन ५ च्या खाली राहिलं त्यांच्यात ३० दिवसांतला मृत्यू हजारात एक होता, २० ते ६५ मध्ये शंभरात तीन, आणि ६५ ते १००० मध्ये शंभरात नऊ. दुखलं नाही म्हणून हा धोका कमी होत नाही. तुमचे यजमान शंभरातल्या सत्त्याण्णवांत असण्याचीच शक्यता फार मोठी आहे, आणि त्यांचा तो महिना बहुतेक उलटूनही गेला असेल. पण धोका महिन्याने संपत नाही, वर्षभर थोडा जास्त राहतो. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांकडे एक भेट नक्की घ्या. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी चालू आहे का, रक्तदाब आणि साखर कुठे आहे, अ‍ॅस्पिरिन द्यायचं का, चालताना धाप लागते का, हे तिथे बघितलं जाईल. आता नवा खुबा आहे, म्हणजे ते खरोखर चालू शकतील आणि हृदयाला किती झेपतं हे पहिल्यांदाच नीट कळेल. रक्त पातळ करणाऱ्या डॅबिगाट्रॅन या गोळीचा २०१८ साली १७५४ अशा रुग्णांवर अभ्यास झाला. गोळी घेणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांचे मोठे त्रास ११ टक्के, न घेणाऱ्यांत १५ टक्के. फायदा आहे, पण नुकत्याच बदललेल्या सांध्यात रक्तस्राव नको असतो, तेव्हा ही गोळी सरसकट कुणी देत नाही. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी एकमेकांशी बोलून घ्यायचा.

घरी सोडायचं लांबवलं याचा राग धरू नका. त्यांनी आकडा बघितला आणि त्यावर पावलं उचलली. मला तर त्या टीमचं कौतुक वाटतं.

प्रश्न : लॅबच्या जाहिरातीत ‘हार्ट पॅकेज’ दिसतं. त्यात सीआरपी, सीपीके-एमबी, होमोसिस्टीन, डी-डायमर असं बरंच आहे. सांधेबदलानंतर ते करून घेतलं तर जास्त खबरदारी होईल ना?

उत्तर : नाही. उलट गोंधळ होईल.

सीपीके हे सगळ्याच स्नायूंमध्ये असतं. खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन म्हणजे मांडीचे स्नायू बाजूला करणं, कापणं, कधी पट्टा आवळून पायाचा रक्तप्रवाह काही काळ थांबवणं. त्यानंतर सीपीके चढणारच, आणि त्याच्या एमबी प्रकाराचाही थोडा भाग मांडीच्या स्नायूंतून येतो. म्हणूनच सांधेबदलाच्या रुग्णात ट्रोपोनिनचं महत्त्व आहे : ट्रोपोनिन टी आणि आय यांचे जे प्रकार आपण मोजतो ते हृदयाच्या स्नायूंचेच असतात, मांडी कितीही कापली तरी चढत नाहीत. शरीरातला दाह दाखवणारं सीआरपी तर प्रत्येक सांधेबदलानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भराभर चढतं आणि उतरायला काही आठवडे घेतं. सांध्यात जंतुसंसर्ग तर नाही ना, हे बघायला सर्जनला त्याचा उपयोग आहे, हृदयासाठी त्या दिवसांत नाही. रक्ताच्या गुठळीची खूण म्हणून बघतात ते डी-डायमरही ऑपरेशननंतर बहुतेकांचं वाढलेलंच असतं. होमोसिस्टीनवरून उद्या सकाळी करायचा एकही निर्णय बदलत नाही. पॅकेजचा कागद भरगच्च दिसतो, पण त्यातल्या चढलेल्या आकड्यांमागे धावण्यात रुग्णाच्या दोन झोपा जातात आणि नको त्या चाचण्या होतात.

प्रश्न : मी ७४ वर्षांची. नाडी अनियमित आहे, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, त्यासाठी गोळ्या चालू आहेत. मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन १.५. गुडघा बदलण्याआधी एनटी-प्रोबीएनपी ६४० आलं. शेजारच्या एका बाईंचं ९० होतं. माझं ऑपरेशन होणारच नाही का? आकडा खाली आणायला काही घेता येईल का?

उत्तर : तुमचा आकडा शेजारणीच्या आकड्याशी ताडू नका. अनियमित नाडीत हृदयाच्या वरच्या कप्प्यांमुळेही एनटी-प्रोबीएनपी वाढतं. वयाने वाढतं. मूत्रपिंडाचं काम मंदावलं की बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणूनही वाढतं. उलट अंगाने स्थूल असलेल्या माणसात ते कमी दिसतं, इतकं की आतला ताण झाकला जाऊ शकतो. आणखी एक गोष्ट : हृदयाच्या कमजोरीसाठी सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन ही गोळी चालू असेल तर साधं बीएनपी त्या गोळीनेच वाढतं, म्हणून तिथे एनटी-प्रोबीएनपीच बघावं.

म्हणून ६४० म्हणजे ‘नको’ असं नाही. तुमच्या डॉक्टरांनी आता तीन गोष्टी बघायच्या. शरीरात पाणी साठलंय का : रात्री दोन उशा लागतात का, सपाट झोपल्यावर दम लागतो का, दोन्ही घोट्यांवर दाबल्यावर खळगा राहतो का, गेल्या काही आठवड्यांत वजन चढलं का. गुडघ्याच्या सुजेत पायाची सूज लपते, म्हणून घोटे आणि वजन मी नेहमी विचारते. दुसरं, नाडी किती जोरात चालते. विश्रांतीत ती ११० च्या वर राहत असेल तर आधी ती आटोक्यात आणायची. तिसरं, हिमोग्लोबिन. कमी असेल तर कारण शोधून ते ऑपरेशनआधीच वाढवायचं. गुडघा काही आठवडे थांबू शकतो, हा या शस्त्रक्रियेचा मोठा फायदा आहे. खुबा मोडला तर तेवढी सवड मिळत नाही.

आकडा खाली आणायच्या गोळ्या नसतात आणि त्याच्या मागे लागूही नका. पाणी साठलेलं असेल आणि ते उतरवलं तर आकडा आपोआप उतरेल. काहीच सापडलं नाही तर ऑपरेशन करता येईल, फक्त पहिले दोन-तीन दिवस ट्रोपोनिन रोज बघायचं. तुमची मूत्रपिंडं थोडी मंद आहेत, तेव्हा तुमचं ट्रोपोनिन आधीच चढलेलं असेल. ऑपरेशनआधीचा नमुना तुमच्यासाठी तर हवाच.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. बीटा-ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद करणारी गोळी चालू असेल तर ऑपरेशनच्या सकाळीही ती सहसा चुकवायची नसते. आणि चालू नसेल तर आकडा मोठा आला म्हणून आदल्या दिवशी कुणाच्या सांगण्यावरून सुरू करायची नाही. २००८ साली आठ हजारांहून जास्त रुग्णांवर हे करून बघितलं होतं. हृदयाचे झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस आधी थांबवायची, हे भूलतज्ज्ञ आणि सर्जन क्रिएटिनिन बघून सांगतील, तुमच्या मनाने थांबवू नका.

प्रश्न : रिपोर्टमध्ये एका लॅबचं ट्रोपोनिन ०.०१८ आणि दुसऱ्या लॅबचं १८. हजारपट फरक कसा?

उत्तर : फरक नाहीच. पहिला नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आहे, दुसरा नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये. दोन्ही एकच. पण आधीचा आणि नंतरचा नमुना एकाच लॅबमध्ये, एकाच प्रकारच्या ट्रोपोनिनसाठी द्या. टी आणि आय यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. या दोन्ही चाचण्यांना उपाशी राहावं लागत नाही. केस-नखांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेत असाल तर त्या रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे ट्रोपोनिन खोटं कमी दिसतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच तसा इशारा दिला आहे.

प्रश्न : आम्ही जिथे आईचं (वय ६६, मधुमेह, पाच वर्षांपूर्वी स्टेंट) गुडघ्याचं ऑपरेशन करणार आहोत तिथे या चाचण्या नेहमी करत नाहीत. आग्रह धरावा का? सगळ्यांनीच करून घ्याव्यात का?

उत्तर : सगळ्यांनी नाही. पन्नाशीतला, रक्तदाब-मधुमेह-हृदयविकार काही नसलेला आणि एरवी भरपूर चालणारा माणूस असेल तर मी स्वतः मागवत नाही. कॅनडाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरचे सगळे, आणि ४५ ते ६४ मधले हृदय-रक्तवाहिन्यांचा मोठा आजार असलेले, यांचं ऑपरेशनआधी बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी बघायचं. ते वाढलेलं असेल तर नंतर दोन-तीन दिवस रोज ट्रोपोनिन. युरोपच्या २०२२ च्या सूचना धोका असलेल्या रुग्णांत मध्यम आणि मोठ्या शस्त्रक्रियांआधी, मग २४ आणि ४८ तासांनी ट्रोपोनिन करायला सांगतात. अमेरिकेच्या २०२४ च्या सूचनांत ट्रोपोनिनबद्दलचा सूर त्याहून बराच सौम्य आहे, कारण आकडा कळल्यावर नेमके कोणते उपचार केल्याने जीव वाचतात याचा पुरावा अजून अपुरा आहे. या मतभेदामुळेच तुमच्या हॉस्पिटलमध्ये ही पद्धत नसेल, त्यात हलगर्जी असेलच असं नाही.

तुमच्या आईंच्या बाबतीत मात्र मी आग्रह धरला असता. वय, मधुमेह आणि स्टेंट, तिन्ही गोष्टी आहेत. सांधेबदलानंतरचे पहिले दोन आठवडे हृदयाला सगळ्यात नाजूक असतात. डेन्मार्कमध्ये ९५ हजारांहून जास्त सांधेबदलाच्या रुग्णांची नोंद तपासली, ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्या दोन आठवड्यांत हार्ट अटॅकचं प्रमाण खुब्यात इतरांच्या २५ पट आणि गुडघ्यात ३१ पट आढळलं. ऐकायला भयंकर वाटतं, पण सहा आठवड्यांत प्रत्यक्ष प्रमाण खुब्यात हजारात पाच आणि गुडघ्यात हजारात दोन एवढंच होतं. आईंना घाबरवू नका. त्या हजारातल्या दोघांमध्ये कोण असू शकतं हे आधी हेरता यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी भेटा. स्टेंटचा कागद, तारीख आणि चालू गोळ्या सोबत न्या. अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका. स्टेंट असलेल्यांत ते बऱ्याचदा चालूच ठेवलं जातं, तुमचे सर्जन काय म्हणतात ते विचारा. मग सरळ सांगा : ‘एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन आधी एकदा करू, आणि नंतर दोन दिवस ट्रोपोनिन करता येईल का?’ बहुतेक डॉक्टर हो म्हणतील.

पण त्याबरोबर आणखी एक विचारून घ्या, आणि मला हे चाचणीइतकंच महत्त्वाचं वाटतं. वॉर्डात रक्त घेतलं जातं, रिपोर्ट संगणकावर येतो, आणि ड्यूटी बदलण्याच्या गडबडीत तो सकाळपर्यंत कुणी उघडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. चढलेल्या ट्रोपोनिनवर पहिल्या काही तासांत रक्तदाब सावरणं, रक्त देणं, ईसीजी काढणं हे झालं तरच त्या चाचणीला अर्थ आहे. म्हणून रिपोर्ट रात्री आला तर तो कोण बघणार, आणि वाढलेला असेल तर फोन कुणाला जाणार, हे नाव ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच फाइलवर लिहून घ्या.